द्राक्षं आमची, पेला कुणाचा?

नारायणगावने जगाला दोन गोष्टी दिल्या, तमाशा आणि वाइन. दोन्ही इथे पिकल्या, दोन्हींसाठी इथल्या माणसांनी रात्री जागवल्या. आणि त्यांचा आस्वाद कसा घ्यायचा, हे आम्हाला शहरातली मंडळी येऊन शिकवतात. पेला देठाला धरायचा, आधी हुंगायचं, मग जिभेवर घोळवायचं. सिनेमाचंही तसंच. कुठला पाहावा, कुठल्या महोत्सवात पाहावा आणि पाहून झाल्यावर काय बोलावं, सगळं तिकडेच ठरतं. जुन्नर-आंबेगाव या आमच्या तालुक्यांकडून त्यांना दोनच गोष्टी हव्या असतात, द्राक्षांचे घड आणि सिनेमाला गोष्टी. थोडक्यात, कच्चा माल.

शहरात हल्ली सिनेमा आणि वाइन अशी जोडी जमवून बसणाऱ्या मित्रमंडळींचे गट झाले आहेत. या महिन्यात काय पाहिलं, त्याच्या जोडीला कुठली बाटली उघडली, कुणाला काय आवडलं, अशा गप्पा रंगतात. याला माझा विरोध नाही. चार माणसं एकत्र बसून सिनेमावर भांडतात, ही आजच्या काळात मोलाची गोष्ट आहे. माझं म्हणणं एवढंच की ही चैन शहराच्या नावावर लिहून दिलेली नाही. तिच्यावर आमचाही हक्क आहे, आणि तो जरा जास्तच आहे.

आमच्याकडेही अशी मंडळी आहेत. एक द्राक्षबागायतदार, एक शाळामास्तर, सरकारी दवाखान्यातली एक सिस्टर आणि तिचा नवरा. मळ्यातल्या घरी बैठक जमते. सिस्टरचा आवडता सिनेमा पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. त्याला 2024 साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं हे तिला ठाऊक आहे, पण त्यासाठी तो आवडलेला नाही. रात्रपाळी संपवून घरी आलेली नर्स कशी बसते, पाय कसे सोडते, हे पडद्यावर पहिल्यांदा खरं दिसलं, असं ती म्हणते. छाया कदमची पार्वती तर तिला आपल्याच दवाखान्यातली वाटते. मास्तर रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'चे चाहते. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्सला जागतिक विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा हा मराठी सिनेमा. वडील गेले म्हणून मुंबईहून गावी आलेला मुलगा, दहा दिवसांचं सुतक, भावकीचे लग्नाचे प्रश्न आणि लहानपणीचा मित्र. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यात घडणारी ही गोष्ट. त्यातलं ओट्यावरचं बोलणं, पाहुण्यांचा तो टोचरा आपलेपणा आम्हाला समजावून सांगावा लागत नाही. तो आम्ही दर दशक्रियेला ऐकतो.

आता पेल्याचं. मासवडीबरोबर कुठली वाइन, यावर आमच्यात पुष्कळ वाद झाला. मासवडी ही या दोन तालुक्यांची शान. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यात सुकं खोबरं, तीळ, कांदा-लसणाचं सारण भरायचं, फडकं उचलून वळकटी दाबायची, वड्या पाडायच्या आणि वर तर्रीचा लालभडक रस्सा ओतायचा. जाणकार सांगतात, मसालेदार जेवणाबरोबर रेड घ्या. आम्ही घेतली आणि निकाल लागला. रेड वाइनमधला तुरटपणा मिरचीशी भिडतो आणि दोघांचंही वाईट होतं. रस्सा नुसता जाळतो, वाइन नुसती कडवट लागते. शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन मात्र जमते. किंचित गोडसर, आंबटपणाला पक्की, थंडगार. ती घोटभर घेतली की तिखट खाली बसतं आणि सारणातलं भाजलेलं खोबरं पुन्हा वर येतं. बागायतदाराचा कल अकलूजच्या फ्रतेली वाइनरीच्या रेडकडे असतो, पण तोही ती बाटली मटणाच्या सुक्यासाठी बाजूला ठेवतो. हे शहाणपण कुठल्या वर्गात मिळालेलं नाही. जीभ आमची, रस्सा आमचा आणि द्राक्षंही आमची.

वाइन आपल्या संस्कृतीतली नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा जुन्नरच्या मातीत डोकावावं. दोन हजार वर्षांपूर्वी नाणेघाटाने माल वर चढत होता. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत इटलीची वाइन आहे. जुन्नरच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले आहेत. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी पाण्याची टाकी आणि भोजनमंडप दान दिल्याचे लेख कोरलेले आहेत. म्हणजे परदेशी माणूस आला, त्याची वाइन आली, आणि तो इथल्या भिक्षूंच्या जेवणाची सोय करून गेला. सातवाहनांच्या बाजारपेठेने हे सगळं पचवलं. आपल्याला आज बाटलीच्या नुसत्या नावाने ठसका लागतो.

आणि अलीकडचं सांगायचं तर 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावात इंडेजची वाइनरी उभी केली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या शँपेनच्या नामांकित घराण्याचं तांत्रिक साहाय्य घेतलं. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवायचं, बाटल्या तिरक्या लावून रोज थोड्या थोड्या फिरवत गाळ तोंडाशी आणायचा, तो काढून पुन्हा बूच मारायचं, अशी शँपेनची सगळी रीत पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या गावात सुरू झाली. 'ओमर खय्याम' या नावाने ती फेसाळ वाइन परदेशात गेली, इंग्लंडमध्ये विकली गेली आणि नावाजली गेली. देशात 'मार्कीज द पोंपादूर' निघाली. नाशिकच्या सुलाची पहिली बाटली 2000 साली आली. त्याच्या बऱ्याच आधी भारताच्या फेसाळ वाइनचा पत्ता नारायणगाव, तालुका जुन्नर हा होता. हे आज नारायणगावातल्या किती शाळकरी पोरांना ठाऊक आहे? शाळेच्या भिंतीवर ते लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुढे कंपनीने परदेशातले धंदे विकत घ्यायचा सपाटा लावला, 2008 ची मंदी आली, कर्जं फिटेनात आणि काही वर्षांत कंपनी अवसायनात निघाली. धंदा बुडतो, जगात सगळीकडे बुडतो. पण धंदा बुडाला म्हणून हातातली कला बुडू द्यायची नसते. बाटली फिरवणारे हात, पिंपाचा वास ओळखणारी नाकं, वाइनच्या वेलीची छाटणी जाणणारे कामगार इथे तयार झाले होते. त्यांना धरून ठेवायला कुणी पुढे आलं नाही. सरकार नाही, सहकार नाही. सहकारात साखर कारखाना चालवणारा हा पट्टा आहे. भीमाशंकर कारखान्याचं गाळप किती झालं याचे आकडे चहाच्या टपरीवर तोंडपाठ असतात. पण वाइनरी सहकारी होऊ शकते, फ्रान्समध्ये आणि इटलीत गावोगाव तशा आहेत, हा विषय कुठल्याही वार्षिक सभेत निघत नाही.

शेतकऱ्याची अडचण खरी आहे, ती झटकून टाकायची नाही. खायचं द्राक्ष आणि वाइनचं द्राक्ष ही दोन वेगळी पिकं. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा हवा, लांब हवा, बी नको, साल पातळ हवी. त्यासाठी घड औषधात बुडवायचे, विरळणी करायची, रोज बागेत उभं राहायचं. वाइनचा मणी बोराएवढाही नसतो. साल जाड, आत बिया, आणि सगळा रंग-वास त्या सालीत. शिराझ या वाइनच्या द्राक्षाचा घड दाखवला तर बाजारातलं गिऱ्हाईक तोंड फिरवील. खायची बाग फसली तर द्राक्षं बेदाण्याला तरी जातात. वाइनची बाग लावली आणि वाइनरीने पाठ फिरवली, तर ते द्राक्ष घ्यायला दुसरं कुणी नाही. हेच 2008 ते 2010 च्या दरम्यान राज्यात घडलं. करार कागदावर राहिले आणि अनेकांनी वेली मुळासकट उपटल्या. म्हणून आज एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करणारा जुन्नरचा माणूस वाइनचं नाव काढलं की हात जोडतो. त्याची भीती शहाणपणाची आहे. कुकडीच्या पाण्यावर उभी केलेली बाग तो दुसऱ्याच्या शब्दावर का पणाला लावील?

या भीतीवर उपाय शोधायचं सोडून आपल्या राजकारणाने काय केलं ते पाहा. 2001 साली द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. जुन्नर, जिथे आधीच वाइनरी होती, ते त्या यादीत नव्हतं. 2022 च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. सत्ताधारी म्हणाले शेतकऱ्याचं भलं होणार. विरोधक म्हणाले राज्य दारूत बुडणार. राळेगणसिद्धीहून उपोषणाचा इशारा आला. महिनाभर चॅनेलांवर कल्ला झाला आणि निर्णय बासनात गेला. राज्यातल्या द्राक्षांपैकी वाइनला जाणारा हिस्सा किती छोटा आहे, हे सत्ताधाऱ्यांनी सांगितलं नाही. बारच्या पायरीवर मिळणारी देशी आणि पेल्यातली वाइन यांत फरक आहे की नाही, यावर विरोधक बोलले नाहीत. दोघांनी शेतकऱ्याचं नाव घेतलं. बागेत कुणीच आलं नाही.

दारूचा धाक मी हलका करत नाही. या दोन तालुक्यांत दारूने धुऊन नेलेली घरं गल्लीगल्लीत आहेत. ज्या बायकांनी गावात आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकानं बंद पाडली, त्यांनी आपलं घर वाचवलं, आणि त्यांच्यासमोर मी मान झुकवतो. वाइनही दारूच आहे, तिच्यातही नशा आहे, ज्याला सोसत नाही त्याने लांब राहावं. पण एक निरीक्षण नोंदवतो. आमच्या बैठकीत बायका असतात, जेवण असतं, बोलायला विषय असतो. बाटली एक असते आणि ती सगळ्यांत संपते. उसाच्या बांधावर अंधारात तोंड लपवून क्वार्टर रिचवणाऱ्या माणसाकडे यातलं काहीच नसतं. पिणं लपवायला लावलं की ते जास्त होतं. गावातल्या माणसाला उजेडात बसून, बायकोपोरांच्या देखत, मापात पिण्याची जागाच आपण ठेवलेली नाही. बार आहे, तो काळ्या काचांचा.

सिनेमाने तर या बाबतीत तमाशा आणि दारू यांना एकाच फासावर लटकवलं. 1972 चा व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' घ्या. आदर्श मास्तर, तमासगीर बाई, आणि मास्तरची धूळधाण. श्रीराम लागूंचा अभिनय थोर आहे, संध्याचं नाचणं थोर आहे, पण गोष्टीचा न्याय ठरलेला आहे, की बाई आली आणि सज्जन बुडाला. त्याआधी 1959 चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका'. पुण्याच्या विजयानंदला तो 131 आठवडे चालला. मग 2010 चा 'नटरंग', 2022 चा 'चंद्रमुखी'. मराठी पडद्याला पैसा कमी पडला की तो ढोलकीकडे धावतो आणि ढोलकी दरवेळी वाजते. या सगळ्या सिनेमांचं तिकीट नारायणगावच्या, सातारच्या, वाईच्या फडांनीही काढलं. फडांच्या पदरात काय पडलं? सिनेमाची गाणी. आज फडात गण-गौळण झाली की पब्लिक शिट्ट्या मारतं ते हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्यांसाठी. वग सुरू व्हायच्या आत निम्मा तंबू रिकामा. सिनेमाने तमाशातून घेतलं आणि तमाशाला सिनेमाची नक्कल करायला लावलं. हा व्यवहार फार वाईट झाला.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या गावच्या. नऊ महिन्यांचे दिवस भरलेले, बोर्डावर नाचता नाचता कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, हा प्रसंग महाराष्ट्रभर सांगितला जातो. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. 2002 साली गेल्या तेव्हा हालाखीत होत्या. सरकार आता त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव देतं. लक्ष्मण उतेकरांनी त्यांच्या आयुष्यावरचा हिंदी सिनेमा हाती घेतला, श्रद्धा कपूर त्यात विठाबाई. चांगलं आहे, मनापासून चांगलं आहे. देशभर नारायणगावचं नाव जाईल. मला पुढचं विचारायचं आहे. ज्या रस्त्याच्या कडेला पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात, जिथे गावोगावचे पंच येऊन जत्रेची सुपारी देतात, तिथे राहणाऱ्या बायका हा सिनेमा कुठे पाहणार? पुण्याचा मल्टिप्लेक्स पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि तिथल्या एका तिकिटात राहुटीतल्या घराची भाजी होते.

पूर्वी सिनेमा आमच्याकडे येत असे. थापलिंगच्या यात्रेला, धामणीच्या खंडोबाला, गावोगावच्या चैत्रातल्या जत्रांना ट्रक यायचा, तंबू उभा राहायचा, मागे जनरेटर धडधडायचा आणि बाया गोधड्या घेऊन पुढे जागा धरायच्या. महाराष्ट्रातल्या याच तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला, 2016 साली तो कानला गेला आणि तिथे त्याचा गौरव झाला. तंबूचा माहितीपट कानला पोचला आणि तंबू जत्रेतून गेला. आता तर रात्री उसातून चालत सिनेमाला जायची सोयही राहिली नाही, बिबट्या बांधावर बसलेला असतो. त्या बिबट्यावरही सिनेमा झाला. टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, माळशेज घाटात सोडलेला आणि तिथून चालत मुंबई गाठलेला 'आजोबा', 2014 साली उर्मिला मातोंडकरसह पडद्यावर आला. आमचा बिबट्यासुद्धा सिनेमात गेला आणि आम्ही दाराला कडी लावून मोबाइलवर पाहत बसलो.

एक सिनेमा काय करू शकतो, याचं उदाहरण 2004 सालच्या अमेरिकेच्या 'साइडवेज'चं आहे. दोन मित्र कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या द्राक्षबागांतून फिरतात, पितात, भांडतात, रडतात. एवढीच गोष्ट. त्यातला एकजण पिनो न्वार या द्राक्षावर जीव टाकतो. सिनेमा चालला आणि त्या वाइनचा खप वाढला. सिनेमातल्या हॉटेलांत, बागांत लोक गाडी करून येऊ लागले. जुन्नर 2018 पासून पर्यटन तालुका आहे. शिवनेरी आहे, लेण्याद्री-ओझर आहे, नाणेघाट आहे, द्राक्ष महोत्सव भरतो. तरी पर्यटक येतो, दर्शन घेतो, सेल्फी काढतो, पुढे माळशेजला जातो. मुक्कामाला थांबावं असं संध्याकाळी त्याला आपण काय देतो? आणि आपल्याच माणसाला काय देतो?

मागणं फार मोठं नाही. नारायणगावला एक छोटं, स्वस्त, स्वच्छ सिनेमागृह, जिथे 'साबर बोंडं' लागेल आणि 'पिंजरा'ही लागेल. तिथेच वर्षातून एकदा फडाचा अख्खा वग, गाण्यांची नक्कल वगळून. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला छोटी वाइनरी काढायचा सोपा परवाना, आणि वाइनच्या द्राक्षाला पाच वर्षांच्या खरेदीची हमी. नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र गावातच आहे आणि मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही पुणे जिल्ह्यातच आहे, सल्ला मागायला जिल्ह्याबाहेर जायला नको. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरच्या उतारावर महादेव कोळी बाया जांभळं-करवंदं पाट्यांत भरून घोडेगाव-मंचरच्या बाजाराला आणतात आणि संध्याकाळी उरलेला माल मिळेल त्या भावाला टाकून जातात. नाशकात जांभळाची वाइन होते. घोडेगावला का होऊ नये?

आणि विठाबाईंचा सिनेमा करणाऱ्यांना एक विनंती. त्याचा एक खेळ नारायणगावात करा. पाडव्याच्या दिवसांत, राहुट्या लागलेल्या असताना, उघड्यावर पडदा बांधून. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या फडातल्या बायकांसाठी राखून ठेवा. बाकीच्यांना तिकीट लावा, आम्ही पैसे देऊन येऊ.